चार नंबरचा शेवट

माझ्या लग्नात न्यू प्रभात बँड वाजला. घड्याळ लावून अडतीस मिनिटं वाजला. वऱ्हाडातली चाळीसेक माणसं तेवढा वेळ एकमेकांशी भांडली नाहीत, आणि आमचे घरमालक खुशालराव, जे झोपेतही कूस बदलता बदलता सल्ला देतात, ते गप्प बसून होते.

आता हे वाचकांनी विसरावं. बँड वाजला नाही, वाजण्याचं काही लक्षणही नव्हतं, असं धरून पुढे वाचावं. मी स्वतः तीन महिने असं धरून चाललो होतो. त्यानं भूक कमी होते, बाकी विशेष त्रास नाही.

न्यू प्रभात ब्रास बँड पार्टी, अकोला. नावात प्रभात असली तरी त्यांच्या वाजवण्यात कायम दिवेलागण झालेली असायची. लाल कोट, सोनेरी झालर, पितळी बिल्ले, सगळं इतर बँडांसारखंच. सुरुवातही ते इतरांसारखीच करत. पण दुसऱ्या फेरीला जानराव मास्तरांचा क्लॅरिनेट किंचित वाकायचा. घरी काहीतरी विसरून आलोय असं मधेच आठवावं, तसा. मग कॉर्नेटला ते आठवायचं. मग ढोलाला. नाचणारी वरात आधी चालायला लागायची, मग सावकाश चालायला लागायची, आणि चौकापर्यंत पोचेस्तोवर प्रत्येकजण आपापल्या आयुष्यात शिरलेला असायचा. एका वरातीत एक धिप्पाड गृहस्थ माझ्याशेजारी थांबले आणि ओळखदेख नसताना म्हणाले, ‘माझी आत्या लय चांगली होती.’ आत्या हयात होती. वरातीतच चार पावलं पुढे चालत होती.

मी तेव्हा अकोल्यात कॉलेजात होतो. परक्यांच्या वरातींमागे चालण्यात माझी दोन वर्षं गेली, आणि निकालात ती स्पष्ट दिसली. शेषराव माझ्यासोबत असायचा. आम्ही दोघांनी पुढे ‘न्यू प्रभात रसिक मंडळ’ काढलं. एकूण सभासद चार. त्यातले दोन मी आणि शेषराव. तिसरे नागपूरला बदलून गेले. चौथे कोण, याबद्दल मंडळात मतभेद आहेत.

मास्तर धुनांना नावं देत नसत, नंबर देत. एक नंबर घोड्यावर बसताना, दोन नंबर शेवंतीला, म्हणजे सीमांतपूजनाला, तीन नंबर पंगतीला. चार नंबर पाठवणीला. आता पाठवणीची गंमत अशी, की दमणी जुंपलेली असते, बैल ताटकळलेले असतात आणि नवरदेवाकडच्या कोणालातरी दिवस मावळायच्या आत नदी ओलांडायची असते. त्यामुळे चार नंबर ऐन भरात आला की दमणी निघायची. नवरी गेली की बँड थांबायचा, तो रिवाजच आहे. आठ वर्षांत न्यू प्रभातनं शेकडो पाठवण्या वाजवल्या, पण चार नंबरचा शेवट काय आहे हे अकोला जिल्ह्यात एकाही माणसानं ऐकलं नव्हतं.

पुढे सत्तावन्न साली पार्टी मोडली. एक नवरदेव भर वरातीत घोड्यावरून उतरला, एका बंद दुकानाच्या ओट्यावर बसला आणि ‘एवढी घाई काय आहे’ म्हणाला. मुहूर्त गेला. त्यानंतर शहाण्या माणसानं न्यू प्रभात सांगितला नाही. मंडळ मात्र चालू राहिलं. बँड नसताना मंडळ चालवणं उलट सोपं जातं.

त्रेसष्ट सालच्या फेब्रुवारीत मी अकोल्याला मुलगी पाहायला गेलो. तोवर मी अमरावतीला एका सरकारी कचेरीत आवक-जावक कारकून झालो होतो. म्हणजे आलेला कागद आला असं लिहायचं, आणि गेलेला गेला असं. मुलीचं नाव वच्छला. पोहे झाले, स्वयंपाक येतो का झालं, रामरक्षा झाली. शेवटी तिचे मामा म्हणाले, ‘पोरीले काही विचाराचं असन तं विचारू द्या, जमाना बदलला आता.’ हे नुसतं म्हणायचं असतं. मुलीनं मान खाली घालायची असते. वच्छलानं मान वर केली.

‘तुम्ही इथंच शिकले ना? मग न्यू प्रभात ऐकला असेल.’

मी हो म्हणालो. आवाज जरा जास्तच मोठा आला असावा, कारण आई माझ्याकडे बघायला लागली.

‘मी अकरा वर्षांची होते, तेव्हा शेजारच्या लग्नात गच्चीवरून ऐकला,’ ती म्हणाली. ‘चार नंबरचा शेवट कसा आहे हो?’

इथं प्रामाणिक माणसानं माहीत नाही म्हणायचं असतं. मी म्हणालो, शेवट माहीत आहे. आणि तेवढ्यावर न थांबता म्हणालो, की जानराव मास्तर म्हणजे आमच्या घरचेच. वास्तविक मास्तरांचं नि माझं आयुष्यात एकदाच बोलणं झालं होतं. चौपन्न साली ते मला म्हणाले होते, ‘बाजूले व्हा.’

‘मग सांगू नका,’ वच्छला म्हणाली. ‘लग्नात ऐकू.’ आणि तिनं मान खाली घातली. वडीलधाऱ्यांना वाटलं पोरगी लाजली. मला एकट्याला कळलं, की हे स्थळ एका अटीवर जमलेलं आहे, आणि ती अट सहा वर्षांपूर्वी मोडलेली आहे.

अमरावतीला आल्यावर बातमी वाड्याबाहेर जायला एक दिवस लागला, कारण खुशालराव गावाला गेले होते. आल्याबरोबर ते माझ्या खोलीत आले, माझ्याच खुर्चीवर बसले आणि म्हणाले की बँड ही गोष्टच आता जुनी झाली, लाउडस्पीकर लाव, एक माणूस दहा माणसांचं काम करतो. नंतर म्हणाले, बँड सांगायचाच तर अचलपूरचा सांग, तो मोठा आहे. नंतर म्हणाले, लग्नच दिवाळीनंतर कर. आईचं म्हणणं वेगळं होतं. ‘आधीच ते पोरगी मायबाप सोडून येऊन राहिली,’ ती म्हणाली, ‘अन् तू तिले रडवाले बँड लावून राहिला काय?’ पण पोरीनंच मागितला म्हटल्यावर ती विचारात पडली, आणि तिनं एक चांगली वाटोळी सुपारी निवडून माझ्या रुमालाला बांधली. म्हणाली, ‘ज्याले बँड सांगशीन त्याच्या हातात दे. तेवढं ध्यानात ठेव.’

मी ध्यानात ठेवलं. घोटाळा त्यामुळेच झाला.

शेषराव दवाखान्यात कंपाउंडर होता, आणि मंडळाचा चिटणीस. त्याच्या वहीत न्यू प्रभातच्या माणसांचे ठावठिकाणे होते, पण ते छप्पन सालचे. त्यातले नत्थुजी ढोलवाले तेवढे जाग्यावर सापडले. बार्शीटाकळीला, तुरीच्या वावराच्या कडेला. ढोलही होता. त्याचं एका बाजूचं कातडं फाटलं होतं आणि आत कोंबडी अंड्यांवर बसली होती. नत्थुजी म्हणाले की ढोल एकवीस दिवसांनी मोकळा होईल, त्याआधी त्यांच्या हातात काही नाही.

मला इतका आनंद झाला की मी रुमाल सोडला आणि सुपारी नत्थुजींच्या हातात ठेवली. नत्थुजींनी ती कपाळाला लावली. डोळ्यांत पाणी आणलं. मग खिशातून अडकित्ता काढला, ती कातरली आणि आमच्यासमोर खाल्ली. शेषरावनं वहीत वेळ लिहून घेतली.

कॉर्नेटवाल्याचा आणि झांजवाल्याचा पत्ता नत्थुजींनीच दिला. जानराव मास्तर कुठं आहेत, हे मात्र कोणालाच सांगता येईना. कोणी म्हणे भुसावळला, कोणी म्हणे त्यांनी वाजवणंच सोडलं.

परत येताना मोठ्या लाईनची गाडी सोडून अमरावतीची छोटी गाडी धरायची म्हणून आम्ही जंक्शनवर उतरलो. त्या जंक्शनचं नाव मी लिहिणार नाही. तिथले स्टेशनमास्तर अजून नोकरीत आहेत आणि भला माणूस आहे. तर आम्ही बाकावर बसलो होतो आणि घंटा झाली. स्टेशनवरची घंटा म्हणजे काय, रुळाचा एक तुकडा टांगलेला आणि एक हातोडा. हजार वेळा ऐकलेली. पण ही घंटा झाली आणि फलाटावरच्या माणसांनी गाडी येण्याऐवजी गेल्यासारखी तोंडं केली. एक मारवाडी आजोबा बोचकं उचलत होते, ते त्यांनी पुन्हा खाली ठेवलं. शेषराव नि मी एकमेकांकडे पाहिलं. एवढ्याशा लोखंडातून हे काढणारा माणूस वऱ्हाडात एकच.

जानराव मास्तर रेल्वेच्या निळ्या कपड्यात उभे होते. केस पिकले होते. हातात हातोडा होता, आणि तो त्यांनी क्लॅरिनेटसारखाच, बोटांच्या टोकांनी धरला होता.

मी वाकून नमस्कार केला. लग्न आहे म्हणालो, चौदा मे, अकोला.

‘कोनाचं?’

‘माझं.’

त्यांनी मला वरून खाली पाहिलं. ‘सुपारी आनली?’

मी काही जुळवून सांगण्याआधी शेषराव, जो औषधांत पाणी घालतो पण बोलण्यात नाही, म्हणाला की सुपारी नत्थुजींना दिली.

‘मंग नत्थू मास्तर झाला,’ जानराव म्हणाले.

मी म्हणालो, नत्थुजी तर ढोल वाजवतात.

‘ढोल वाजोनाऱ्यानं मास्तर होऊ नाई असा कायदा हाय का? ज्याच्या हातात पयली सुपारी, त्याची पार्टी. म्या घालून देलेला रिवाज हाय, म्याच मोडू काय? आता आलो तं नत्थूच्या हाताखाली येन लागन.’

सुपारी परत मागून आणतो, मी म्हणालो. शेषरावनं वही उघडली. ‘खाल्ली. पावणेचारला.’

मास्तर हसले. वाईट हसले नाहीत. मग हातोडा खिळ्याला अडकवून म्हणाले, ‘अन् दुसरं पाहा. छप्पन साली आमी दीक्षा घेतली. पार्टी मोडल्यापासून मी कोनाच्या दारात उभ्यानं वाजवत नाई. मांडवात पाव्हने बसतात, सोयरे बसतात. वाजोनारा सकाळपासून उभा. ते सोडलं म्या.’

मी म्हणालो, खुर्ची देऊ.

‘खुर्ची सारेच देतो म्हनतात. मांडवात गेलं का खुर्चीवर कोनी ना कोनी बसलेलं असते.’

गाडी आली. जाता जाता शेषरावनं विचारलं, चार नंबरला शेवट आहे का तरी? मास्तर म्हणाले, ‘हाय ना. दोनच ओळी हायत. पन दमनी आधीच निघते.’ आणि ते दिव्यांच्या खोलीकडे गेले. उघड्या दारातून आम्हाला दिसलं, की फळीवर हिरव्या झेंडीत काहीतरी लांबट गुंडाळून ठेवलेलं आहे.

मी वच्छलाला पत्र लिहायला सात वेळा बसलो. कचेरीत रोज बारा पत्रं जावक करणारा माणूस मी, पण हे एक पत्र माझ्याच्यानं जावक होईना.

त्यातच परवान्याचं निघालं. रस्त्यावरून बँड न्यायचा तर परवाना लागतो. त्या कचेरीतल्या कारकुनानं, तोही माझ्यासारखाच आवक-जावकातून वर आलेला, फॉर्म पाहिला आणि न्यू प्रभात हे नाव वाचून चष्मा काढला. त्याच्या भावाच्या लग्नात हाच बँड होता. तो म्हणाला की फॉर्म दोन प्रकारचे आहेत, एक मंगल कार्याचा आणि एक प्रेतयात्रेचा, आणि या बँडला कोणता लावायचा याबद्दल वरून स्पष्ट आदेश नाहीत. मी मंगल म्हणालो. तो म्हणाला, तसं मग लिहून द्या. आणि त्यानं माझ्याकडून हमीपत्र घेतलं, की सदर वाद्यामुळे सार्वजनिक रस्त्यावर उदासी पसरणार नाही, पसरल्यास सर्वस्वी जबाबदारी अर्जदाराची राहील. त्यावर साक्षीदार म्हणून खुशालरावांनी सही केली आणि खाली आपला सल्लाही लिहिला.

हमीपत्र शब्दशः पाळलं गेलं. चौदा मेला अकोल्यात न्यू प्रभात बँड नत्थुजी मास्तरांच्या हाताखाली वाजला, आणि त्यात उदासीचा मागमूस नव्हता. क्लॅरिनेटच नव्हता. नत्थुजी आठ वर्षं त्या क्लॅरिनेटमागे मन मारून हळू ठोके देत आले होते. आता ढोलातून कोंबडी निघाली होती, नवं कातडं चढलं होतं आणि अडवायला कोणी नव्हतं. त्यांनी एक नंबर असा वाजवला की घोड्यानं दोन वेळा मागे फिरून पाहिलं. वऱ्हाड नाचलं. खुशालराव नाचले. परवान्याचा कारकून पाहणीला आला होता, तो समाधानानं बुंदी खाऊन गेला. जो भेटे तो माझा हात धरून म्हणे, बँड बाकी एक नंबर आणला भौ तुम्ही. आपली फजिती होत असताना लोकांनी अभिनंदन करावं, यासारखा अपमान नाही. तोंड वेडंवाकडं करायचीही सोय राहत नाही.

अंतरपाट खाली आला. वच्छलानं हार घालताना डोळे वर केले आणि पत्नी या नात्यानं पहिलं वाक्य बोलली.

‘क्लॅरिनेट कुठाय?’

मी हळूच म्हणालो, नंतर सांगतो. भटजींना वाटलं आम्ही नाव घेतोय.

पाठवणीला मी नत्थुजींना चार नंबर वाजवायची विनंती केली. त्यांनी जोर लावून वाजवला. कॉर्नेटला दाबून ढोलावर चार नंबर म्हणजे खोलीच्या दारावर कोणीतरी पोस्टमन आल्यासारखं वाटतं. वच्छलाची आई रडायला पदर घेऊन उभी होती, ती पदर तसाच धरून ऐकत राहिली आणि रडायचं विसरली. वच्छलाही रडली नाही. आमच्याकडच्या बायकांनी याची नोंद घेतली. नवरी मांडवातून कोरड्या डोळ्यानं निघाली, हे आई मला गाडीत तीन वेळा म्हणाली, जणू मीच तिचं पाणी लपवलंय.

नत्थुजींची पार्टी आमच्यासोबतच गाडीत होती, कारण या खेपेची सुपारी त्यांनी नवरी घरी पोचेपर्यंतची धरली होती. पावणेसहाच्या सुमाराला आम्ही जंक्शनवर उतरलो. अमरावतीची गाडी यायची होती. फलाटावर बाक एकच, त्यावर बाशिंग सोडलेला मी आणि ओटीच्या भारानं वाकलेली वच्छला. ऊन उतरलं होतं. समोरच्या जिनिंगमधून सरकी दळल्याचा वास येत होता, आणि रुळांवरून लांबवर काही हलत नव्हतं. मी मनातल्या मनात देवाला म्हणत होतो, की आता घंटा होऊ नये.

झाली. मोठ्या लाईनवरून मालगाडी जायची होती. एकच ठोका. वच्छलाचं डोकं गच्चीवरून कोणी हाक मारावी तसं वर उठलं.

‘हा तर न्यू प्रभात,’ ती म्हणाली.

मी सगळं सांगितलं. आईची सुपारी, नत्थुजींचा अडकित्ता, उभ्यानं वाजवणं, खुर्ची. मास्तर आमच्या घरचे नव्हेत हेही सांगितलं. ‘आणि शेवट?’ तिनं विचारलं. माहीत नाही, मी म्हणालो. ‘मला माहीत होतं तुम्हाला माहीत नाही ते,’ ती म्हणाली. ‘ज्याला माहीत असता तो त्या दिवशी पोहे खात बसला नसता.’

ती उठली. शालूचा काष्टा सावरत, ओटी पोटाशी धरून थेट दिव्यांच्या खोलीपर्यंत चालत गेली. चाळीस माणसं तिच्यामागे गेली, कारण नवरी हरवली तर काय करायचं हे कोणालाच माहीत नव्हतं. तिनं ओटीत हात घातला. तांदळातून, हळकुंडातून चाचपून एक सुपारी काढली आणि जानराव मास्तरांपुढे धरली.

‘काकाजी, ही माझी सुपारी. मी दुसऱ्या कोणाले देल्ली नाही.’

मास्तरांनी हातोडा खाली ठेवला. ‘लगन तं झालं, बाई.’

‘मी अजून घरी कुठं पोचले? नवरी उंबरठा ओलांडेपर्यंत लग्न चालूच असते.’

मास्तरांनी नत्थुजींकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. नत्थुजींनी ढोल खांद्यावरून उतरवला. ‘माही तं पचली, जानराव,’ ते म्हणाले. ‘हे सुपारी न्यारी हाय.’

तेवढ्यात स्टेशनमास्तर बाहेर आले आणि कोणाकडेच न बघता म्हणाले की अमरावतीची गाडी लेट आहे, किती ते सांगता येत नाही. असं म्हणून ते आत गेले आणि दार लावून घेतलं.

‘बसून वाजवा,’ वच्छला म्हणाली.

आम्ही वळलो. बाकावर खुशालराव बसले होते. पाय वर घेऊन, नवरानवरीच्या मोकळ्या झालेल्या जागेवर पसरून.

मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. खुर्ची सारेच देतो म्हणतात, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले असते तर बरं झालं असतं. खुशालराव माझे घरमालक, वडिलांच्या वयाचे, वऱ्हाडातले सगळ्यांत वजनदार पाहुणे. माझी नवी सून, म्हणजे आईची, माझी बायको, सगळं घर, सगळे शेजारी समोर. माझ्या आवक-जावक आयुष्यात मी कोणाला ऊठ म्हटलेलं नाही.

‘खुशालराव, उठा,’ मी म्हणालो.

‘काहून?’

‘तिथं मास्तर बसणार आहेत.’

खुशालरावांनी मास्तरांकडे पाहिलं, निळ्या कपड्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यांना एखादा सल्ला सुचेल म्हणून मी वाट पाहिली. सुचला नाही. ते उठले, पगडीवरची धूळ झटकली आणि आमच्या ट्रंकेवर जाऊन बसले. पुढचं भाडं वाढलं, पण तो विषय वेगळा आहे.

मास्तर बाकावर बसले. हिरवी झेंडी उलगडली. त्या वेळी गाडी आली असती तर ड्रायव्हरला दाखवायला स्टेशनात झेंडी नव्हती.

काय वाजवलं हे शेषरावच्या वहीत आहे. एक नंबर, दोन नंबर, तीन नंबर, वेळेसकट. मला एवढंच आठवतं, की सुरुवातीला तो क्लॅरिनेट नीट चालला आणि मग वाकला, आणि नऊ वर्षांपूर्वी अकोल्याच्या रस्त्यावर मी ज्या पावलावर थांबलो होतो त्याच्या पुढचं पाऊल मी त्या फलाटावर टाकलं. रूळ लांबून तांबडे दिसत होते. कॉर्नेटवाला डोळे मिटून सामील झाला. नत्थुजींना कोणी सांगितलं नव्हतं, तरी ढोल हळू झाला, इतका हळू की कातड्याखाली अजून कोणीतरी अंड्यांवर बसलंय असं वाटावं. मारवाडी आजोबांसारखे कोणी एक आजोबा होते, त्यांनी बोचकं खाली ठेवलं. आई कोणाच्यातरी खांद्यावर डोकं ठेवून उभी होती आणि तो खांदा खुशालरावांच्या बायकोचा होता. त्यांचं वर्षभर नळावरून बोलणं नव्हतं. वच्छला खाली, मास्तरांच्या पायाशी नव्हे, त्यांच्याशेजारी बाकावर बसली होती, आणि ती अकरा वर्षांची होती.

मग चार नंबर सुरू झाला. इथं दमणी नव्हती. बैल नव्हते. नदी ओलांडायची नव्हती. चार नंबर त्याच्या त्या ओळखीच्या वळणाशी आला, जिथं नेहमी सगळं तुटायचं, आणि तुटला नाही. पुढे गेला. शेषरावनं माझा दंड धरला. आजवर कोणी न ऐकलेल्या जागेत आम्ही चाळीस माणसं शिरलो. पुढे फक्त दोन ओळी होत्या.

सिग्नल पडला.

मास्तरांनी क्लॅरिनेट ओठांना तसाच ठेवून सिग्नलकडे पाहिलं. मग तो वच्छलाच्या मांडीवर ठेवला, उठले, हातोडा घेतला आणि घंटा दिली. गाडी आली. नोकरी ती नोकरी. त्यांनी झेंडी तेवढी परत मागून घेतली.

अमरावतीपर्यंत वच्छला रडत होती. आई म्हणाली, ‘रडली बाप्पा एकदाची,’ आणि तिला जवळ घेतलं.

यावरून मंडळात फूट पडली आहे. शेषरावचं म्हणणं, शेवटचा तो घंटेचा ठोका चार नंबरच्याच सुरात होता, म्हणून घंटा हाच शेवट. वच्छला, जी आता मंडळाची चौथी सभासद आहे आणि त्या जागेचा वाद मिटला आहे, म्हणते की दोन ओळी म्हणजे दोन ओळी. आम्ही मास्तरांना विचारलं, घरी येऊन वाजवता का. ते म्हणाले की सुपारी चौदा मेची आणि त्या गाडीच्या वाटेवरची आहे. दुसरीकडे वाजवलं तर वाजेल, पण पुरं होणार नाही. आणि गाडी वेळेवर असली तर ते नोकरीवर असतात, लेट असली तरच स्वतःचे असतात.

म्हणून दर चौदा मेला आम्ही तिघं जंक्शनवर जातो. चौसष्टला गाडी वेळेवर आली. पासष्टला चार मिनिटं आधी आली. वर्षाचे बाकीचे दिवस ही गाडी कशी येते ते अमरावतीकरांना विचारा. यंदा, सहासष्टला, मास्तर वच्छलानं घरून आणलेला क्लॅरिनेट मांडीवर घेऊन बाकावर बसले होते, बाक आम्ही सकाळपासून धरून ठेवला होता, आणि गाडी घड्याळाच्या काट्यावर आली. मास्तर सदुसष्टच्या जूनमध्ये निवृत्त होतात. सबब, माझ्या कचेरीच्या पद्धतीप्रमाणे, पुढील अर्ज काल जावक केला आहे.

मा. स्टेशनमास्तर साहेब, जंक्शन, यांचे सेवेसी.

विषय: गाडी उशिरा येणेबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून सविनय विनंती की, दिनांक १४ मे १९६७ रोजी सायंकाळची अमरावती गाडी किमान एक मिनिट उशिरा यावी. त्याहून अधिक विलंबाची अर्जदारास आवश्यकता नाही. दोन ओळींस तेवढा वेळ पुरेल, असे संबंधित वादकाचे म्हणणे आहे. विलंबाचे कारण रजिस्टरात लिहिणे भाग असल्यास ‘चार नंबर’ असे लिहावे. फलाटावरील सर्व प्रवाशांची हरकत नसल्याचे पत्र मंडळ आगाऊ गोळा करील. ही मेहेरबानी एकवारच मागत आहोत, पुन्हा मागणार नाही.

सोबत: सुपारी, नग एक. इतर कोणासही अगोदर दिलेली नाही.